रफ्यूझे, रेउसार, घेत नाही

माझ्याकडे वह्या आहेत. किराण्याची वेगळी, शाळेतल्या पोरींच्या गैरहजेरीची वेगळी, उन्हाळ्यात काय कधी वाळत घालायचं त्याची वेगळी. घरचे हसतात. हसू देत. हरवलेली वस्तू शोधायला शेवटी माझ्याकडेच येतात.

या वह्यांत एक जुनी आहे. तिच्या एका पानावर किराणा नाही, पोरी नाहीत, नुसतं एक क्रियापद आहे. फ्रेंच रफ्यूझे. स्पॅनिश रेउसार. रुमेनियन रेफुझा, जे त्यांनी फ्रेंचांकडून उचललं म्हणतात. इटालियन रिफ्युतारे, ज्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह केलं आहे, कारण कोशात त्याचं मूळ थोडं वेगळं दिलं आहे. चुलतभाऊ म्हणून राहू दिलं. सगळी लॅटिनची लेकरं. कोश सांगतो की मुळाशी 'परत ओतणं' असा अर्थ होता. आज सगळीकडे अर्थ एकच: घेत नाही. नाकारणं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेच्या बाईंना या शब्दाचं काय करायचंय, असं तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं. तुमच्यापेक्षा जास्त, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शेऱ्यात ते लिहिलं नाही. मी इथे लिहिते.

त्यासाठी आधी आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात रजिस्टर घेत नसत.

रजिस्टर म्हणजे सही करून घ्यायचं टपाल. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. पत्त्यात कुणी अजून मुंबई राज्य लिहायचं, कुणी त्याच्याही मागचं मध्य प्रदेश. आमचं गाव जानेफळपासून पायी जाण्यासारखं. विहिरीवर मळा होता, वांगी, मिरची, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे वाफे. बाबांचा भाऊबंदाशी बांधावरून दावा चालला होता. तुकडा केवढा, तर मिरचीचे चार वाफे मावतील एवढा. कोर्टाच्या आवारात कुणा वकिलाच्या कारकुनानं बाबांना सांगितलं की नोटीस हातात घेतली की माणूस अडकतो. घेतलीच नाही तर कोर्ट काय करील? बाबांना ते इतकं पटलं की नोटीस कोणती आणि दुसरं टपाल कोणतं हे बघायच्या भानगडीतही ते पडेनात. निळ्या रेघांचा लिफाफा दिसला की नाही.

सुरुवातीला पोस्टमन अंगणात येऊन नाव वाचायचा आणि बाबा 'नाई घेत' म्हणायचे. पुढे तो सायकल बाभळीला टेकवून रस्त्यावरूनच हाक मारू लागला.

"भाऊ, रजिस्टर!"

बाबा मोटेवरून नुसता हात वर करायचे. हात वर झाला की पोस्टमन लिफाफा सायकलच्या सीटवर ठेवून त्यावर 'घेण्यास नकार' लिहायचा आणि पुढच्या घराला जायचा. नाव वाचणं दोघांनीही कधीच सोडून दिलं होतं. पारावरची माणसं म्हणायची, "कोर्टाले परत लावते बे हा मानूस!" बाबांना ते आवडायचं. मलाही आवडायचं, हे प्रामाणिकपणे नोंदवते. आख्ख्या गावात सरकारला नाही म्हणणारा एकटा माझाच बाप होता.

मी त्या वर्षी मॅट्रिक झाले होते. बुलढाण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी मी आणि माझ्या वर्गातली एक मैत्रीण, दोघींनी अर्ज केला होता. ती बौद्धवाड्यात राहायची. तिचे वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. एका बुधवारी, दिवे लावायच्या आधी, ती मुठीत गूळ घेऊन आमच्या अंगणात आली.

"तुले आलं का वं रजिस्टर?"

"कायचं?"

"कायचं काय! ट्रेनिंगचं. सोमवारी सकाळी बुलढान्याले हजर व्हायचं. नाई गेलं तं जागा दुसरीले."

"मले नाई आलं."

"असं कसं? पोस्टमन म्हने, दोन होते, एकासारखा एक. एक माह्या घरी, एक तुह्या घरी."

तिच्या वडिलांनी हात धुऊन, धोतराला पुसून मग सही केली होती, असंही तिनं सांगितलं. गूळ माझ्या हातातच राहिला. आमच्या घरी ते टपाल आलं तेव्हा काय झालं असेल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. हात वर.

बाबा मळ्यातून आले तेव्हा मी दारातच उभी होते.

"बाबा, आज रजिस्टर आलं होतं?"

"आलं असन. परत लावलं."

"कोनाचं होतं?"

"रजिस्टर कोनाचं रायते? त्याचंच." त्याचं म्हणजे भाऊबंदाचं. त्याचं नाव आमच्या घरात घेत नसत.

"माह्या नावाचं होतं, बाबा."

बाबा पाय धुता धुता थांबले. मला वाटलं, आता चूक कळली. पण ते म्हणाले, "तुह्या नावाचं? मंग तं पक्की चाल हाय. पोरीच्या नावानं नोटीस घुसवून राह्यला."

"ट्रेनिंगचं होतं."

"वाचलं तू?"

"वाचाले हातात तं पाह्यजे!"

"मंग नको सांगू. या घरानं नाई म्हनलं ते नाई. आज एक घेतलं तं उद्या धा येतीन."

माय चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. एवढंच विचारलं, "उद्या वांगे कोन नेते मेहकरले?"

"मी," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी आयुष्यातली पहिली कामाची यादी केली. रजिस्टर गावातून तालुक्याला कधी जातं. तालुक्याहून परत पाठवणाऱ्याकडे कधी जातं. सोमवारला किती दिवस उरले. जागा गेली तर पुढे काय, हेही लिहायला घेतलं आणि खोडून टाकलं, कारण त्यापुढे लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. वांग्यांचे वाफे होते, आणि ते माझे नव्हते.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं टोपली घेऊन मी मेहकरला, तालुक्याच्या पोस्टात गेले. आधी वांगी विकली. अर्धं काम टाकून दुसऱ्याला हात घालायची मला तेव्हाही सवय नव्हती. खिडकीमागे पोस्टमास्तर होते, वय झालेले, कानावर पेन, बोलणं पुस्तकासारखं. गावाचं नाव सांगितलं तसं त्यांनी परतीच्या टपालाचा गठ्ठा सोडला. लिफाफा होता. दुपारच्या गाडीनं जाणार होता.

"घेण्यास नकार. स्वच्छ लिहिलंय. हे परत जाणार."

"कोनं नकार देल्ला?"

"तुझ्या घरच्यांनी."

"नाव कोनाचं हाय वरती?"

त्यांनी चष्मा लावला. "कुमारी..." आणि माझं नाव वाचलं.

"ती मी. मी नाई म्हनलंच नाई. मले कोनं इचारलंच नाई."

पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बघितलं, लिफाफ्याकडे बघितलं आणि उठून कपाटाकडे गेले. मला वाटलं, आता हाकलतील. ते एक जाडसर, कडा पिवळ्या पडलेली छापील कागदांची गड्डी घेऊन आले. परदेशी टपाल परत पाठवताना चिकटवायचे ते कागद. सगळ्या नोकरीत दोनदाच वापरायला मिळाले, असं ते जरा हळहळून म्हणाले.

"ही फ्रेंच भाषा. जगभरची पोस्टं एकमेकांशी हिच्यात बोलतात. हे बघ. पत्ता सापडत नाही. गाव सोडून गेला. मागायला आला नाही. आणि हा शब्द: रफ्यूझे. घेण्यास नकार. यापुढे खूण करायची." त्यांनी त्या शब्दावर नख टेकवलं. "आता सांग, खूण कुणाच्या नकाराची करायची?"

"ज्याचं नाव त्याच्या."

"बरोबर. पॅरिसला असो की तुमच्या गावाला. बापाच्या नकाराची नाही. उद्या नवऱ्याच्याही नाही."

टोपलीत अंथरलेल्या कागदाचा एक कोपरा फाडून मी तो शब्द लिहून घेतला. रफ्यूझे. त्यांनी विचारलं, हा कशाला तुला? मी म्हटलं, लागंन.

पण लिफाफा त्यांनी माझ्या हातात दिला नाही. "मी तुला ओळखत नाही. कुणीही येऊन मी कुमारी म्हणेल." तेही नियमानंच बोलत होते, आणि नियम पाळणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही. त्यांनी लाल शाईनं लिफाफ्यावर लिहिलं: खुद्द पत्त्यावरील व्यक्तीसच देणे. उद्याच्या पिशवीतून गावाला परत जाईल, शनिवारी पोस्टमन आणेल.

"आन बाबानं हात वर केला तं?"

"तर तू हात पुढे कर."

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं, मी न विचारता. कोर्टाची नोटीस नाकारली तर ती मिळाली असंच कोर्ट धरतं, आणि दावा एकतर्फी चालतो. आमच्या घरातला इतक्या वर्षांचा सगळा अभिमान त्यांनी एका वाक्यात गुंडाळून ठेवला होता, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. पोस्टात गेले होते हे सांगितलं, शनिवारी रजिस्टर येणार आहे आणि मी घेणार आहे हे सांगितलं, नोटिशीचं सांगितलं. चोरून करायचं असतं तर पोस्टमनला रस्त्यात गाठता आलं असतं. पण टपाल माझं होतं. मी ते बाभळीमागे उभं राहून का घेऊ?

"पोस्टवाला का वकील हाय?" बाबा म्हणाले. नोटिशीवर एवढंच. मग थोड्या वेळानं, "शनिवारी मी मोटेवर जात नाई. घरीच बसतो. पाहू कोन घेते तं."

शनिवारी ते खरोखरच अंगणात बाज टाकून बसले. त्यांना दिवसाउजेडी बाजेवर बसलेलं बघूनच शेजारची माणसं जमली. मैत्रीणही आली होती, फाटकाबाहेर उभी. पोस्टमन आला. त्यानं सायकल बाभळीला टेकवली आणि त्या दिवशी रस्त्यावरून हाक मारली नाही. लाल शाई त्यानं वाचली असणार. तो अंगणात आला, घसा साफ केला.

"रजिस्टर."

बाबांनी हात वर केला. मी ओट्यावरून उतरले आणि हात पुढे केला.

पोस्टमन मधोमध उभा. "भाऊ, वरून हुकूम हाय. बाईच्याच हातात द्या म्हनते."

"या अंगनात हुकूम माहा."

"अंगन तुमचं, भाऊ. टपाल सरकारचं."

शेजारचा एकजण हसला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो गप्प झाला. मग बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच मला भीती वाटली.

"सही केली तं जमीन गेली समज. एकदा या घरानं रजिस्टर घेतलं की सगळे घ्या लागतीन. तुह्यापायी जमीन जाईन."

"माह्या नावावर जमीन हायच कुठी, बाबा?"

हे मी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले ते खरं होतं, आणि परत घ्यावं असं मला आजतागायत वाटलेलं नाही. जमीन भावांची होणार होती. चार वाफ्यांचा तुकडासुद्धा त्यांचाच. माझ्या नावाचं त्या गावात पहिल्यांदा काही आलं होतं तर तो लिफाफा.

माय ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. पोस्टमननं पावती पुढे केली. पेन्सिल त्याचीच, टोक मोडकं. मी सही केली, आणि निळ्या रेघांचा लिफाफा आमच्या घरात पहिल्यांदा उघडला गेला.

सोमवार, सकाळ, मूळ प्रमाणपत्रांसह. सोबत एक छापील कागद होता, पालकाच्या संमतीचा. बाबांपुढे मी तो ठेवला. त्यांनी हातही वर केला नाही, उठून मळ्यात गेले. मी कागद पुन्हा वाचला. पालक असं लिहिलं होतं. वडील असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. चुलीतल्या काजळीत तेल घालून मी मायच्या अंगठ्याला लावलं. तिचा अंगठा त्याआधी कुठल्याही कागदाला कुणी मागितला नव्हता. तिनं तो इतक्या जोरात दाबला की मागच्या बाजूलाही उठला.

"लागला का बराबर?" तिनं विचारलं.

"लागला."

"मंग पुसू नको."

रविवारी मी आणि मैत्रीण एसटीनं बुलढाण्याला गेलो. सोमवारी तिथल्या कारकुनानं अंगठा बघितला, मला बघितलं, "वडील नाहीत का?" म्हणून विचारलं. "हायेत. पालक ही हाय," मी म्हटलं. मागे रांग मोठी होती. त्यानं शिक्का मारला.

बांधावरचा तुकडा गेला. एकतर्फी. मी रजिस्टर घेतलं म्हणून गेला असं बाबा म्हणत. सहा वर्षं घेतली नाहीत म्हणून गेला असं मी म्हणत होते. या एका गोष्टीवर आमचं कधीच जमलं नाही, आणि मी त्यांच्या समाधानासाठीसुद्धा मान डोलावली नाही.

ट्रेनिंगनंतर मला सुलतानपूरकडे शाळा मिळाली. लोणारचं सरोवर बघायला जाणारे गोरे पाहुणे कधीमधी तिथे गाडी बदलायला उतरत आणि चहाच्या टपरीपाशी उभे राहत. मी वही घेऊन जायची. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, त्यांचंही पुष्कळदा तसंच. मी त्यांना विचारायची, तुमच्या भाषेत एखादी वस्तू कुणी पुढे केली आणि तुम्हाला नको असली तर काय म्हणता? दगडांचे नमुने गोळा करणाऱ्या एका स्पॅनिश बाईनं रेउसार लिहून दिलं आणि म्हणाली, आमच्याकडे यात 'ह' लिहितात, बोलत नाहीत. इटालियन एका म्हाताऱ्यानं दिलं. रुमेनियन एका इंजिनियरनं, जो मला भाषा सोडून सरोवराबद्दल विचारा म्हणाला. मी विचारलं नाही. सरोवर माझ्या शाळेपासून जवळच होतं, हवं तेव्हा दिसायचं. हे लोक पुन्हा येणार नव्हते.

नोकरी लागल्यावर मी घरी एक रजिस्टर पाठवलं. बाबांच्या नावानं. मुद्दाम. साधं पत्र मायच्या नावानं पाठवता आलं असतं, आणि ते मी दर महिन्याला पाठवतही होते. शेजारची पोरगी तिला वाचून दाखवायची. पण बाबांना मी निळ्या रेघांचं पाठवलं. आत चार ओळी होत्या: शाळा कुठे आहे, खोली कशी आहे, विहिरीचं पाणी गोड आहे, एकदा येऊन जा.

आठवड्यात ते परत आलं. 'घेण्यास नकार.' पोस्टमनचं अक्षर मी ओळखलं. सायकलच्या सीटवर लिहिल्यासारखं, उतरतं.

मला राग आला का? आला. पण वहीतल्या पानाकडे बघून मला हेही कबूल करावं लागलं की या वेळी नकार रीतसर होता. नाव त्यांचं होतं. मी ते न उघडता वहीत चिकटवलं, रफ्यूझेच्या समोरच्या पानावर. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं. परत आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मैत्रीण म्हणायची, "काऊन जीव खाऊन राह्यली त्या मानसाचा? साधं कार्ड टाक न." मी म्हणायची, ते थकतील तेव्हा थकतील, मी थकत नाही.

चौथं परत आलं नाही. त्याऐवजी पोचपावतीचं कार्ड आलं. त्यावर बाबांची सही होती, खूप दाबून केलेली, पहिलं अक्षर दोनदा गिरवलेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले. भिंतीतल्या देवळीत, कंदिलाशेजारी, माझं रजिस्टर उभं करून ठेवलेलं होतं. चिकटवलेलं तसंच. फोडलेलं नव्हतं.

"घेतलं वाट्टे," मी म्हटलं.

"माह्या नावाचं होतं."

"मंग फोडलं काऊन नाई?"

बाबांनी पानाला चुना लावला, पान तोंडात ठेवलं. "घेतलं म्हनलं. वाचीन म्हून कोनं सांगतलं तुले?"

माय पदराआड हसली. "वाचून दाखव त्याईले," ती म्हणाली.

"त्याईच्या नावाचं हाय," मी म्हटलं, आणि लिफाफा होता तिथेच ठेवून बॅग उघडायला आत गेले.